बाहेरच्या माणसाचा रेट

वेल्डरची बायको झाल्यावर मला सगळ्यात आधी कळलं ते हे, की लोखंडाचं काम किलोवर असतं. तोवर मला वाटायचं, माणूस कामावर जातो, दिवस भरतो आणि पगार आणतो. बाळापूरला माझ्या माहेरी धान्याचा धंदा. तूर किलोवर जाते, हरभरा किलोवर जातो, हे मला ठाऊक होतं. नवराही किलोवर आहे हे लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात ऐकलं आणि मी विचारलं, "म्हंजे तुमाले काट्यावर बसवतात का काय?" ते इतके हसले, की शेजारच्या आपा भिंतीपलीकडून ओरडल्या, "क्या हुआ बेटा?"

मग त्यांनी मला समजावून सांगितलं. अकोल्याच्या एमआयडीसीत ते ज्या शेडमध्ये होते, तिथं गोदामांचे, जिनिंगचे, मंगल कार्यालयांचे लोखंडी सांगाडे व्हायचे. मालक ते काम ठेकेदाराला किलोच्या भावानं द्यायचा, आणि ठेकेदार आपलं काढून घेऊन कारागिरांना किलोच्याच भावानं द्यायचा. जेवढ्या वजनाचं लोखंड जोडलं, तेवढी मजुरी. खांब आला तर मजा, कारण खांब जड आणि त्याला जोड कमी. जिना नाहीतर कठडा आला की तोंड वाकडं, कारण तिथं नुसते जोडच जोड, आणि काट्यावर ठेवलं तर वजन काहीच भरत नाही. मी ब्लाऊज शिवते, त्यामुळे मला ते लगेच पटलं. फुग्याच्या बाहीचा, अस्तरवाला ब्लाऊज कोणी साध्याच्या भावात शिवून मागितला तर माझंही डोकं फिरतं.

संध्याकाळी ते आले की मी दारातच विचारायची, "आज काय होतं?" "खांब" म्हणाले की आमच्याकडे भजी. "जिना" म्हणाले की मी गुपचूप चहा ठेवायची आणि कप रिकामा होईपर्यंत एक शब्द बोलायची नाही.

जुन्या शहरात, एका बोळीत आमची खोली होती. कॉट टाकली की दार अर्धंच उघडायचं. वेल्डिंगची चमक डोळ्यांत गेली की घरी येईपर्यंत डोळे लाल व्हायचे, वाळू गेल्यासारखे टोचायचे. काच नीट तोंडासमोर धरायचा कंटाळा, हा समस्त वेल्डर जातीचा रोग. मग मी बटाट्याच्या पातळ चकत्या कापून त्यांच्या डोळ्यांवर ठेवायची. एरवी हे माणूस मोजकं बोलणारं. पण डोळे झाकले की बाप्पा, काय बोलणं! वलगावच्या शाळेतून पळून गेले ते, उस्तादानं पहिल्यांदा हातात होल्डर दिला ते, मला बघायला आले तेव्हा चहाची बशी कशी थरथरत होती ते. चकती कोमट झाली की मी बदलायची आणि ऐकत बसायची. अकोल्याचा उन्हाळा किती वाईट हे लोक सांगतात, तेव्हा मला तो मुद्दाम आठवावा लागतो. मला तो कधी जाणवलाच नाही.

पण तेवढ्यावर संसार चालत नाही ना. गॅस वाढला, तेल वाढलं, खोलीचं भाडं वाढलं. माझी शिलाईसुद्धा मी वाढवली; बायका कुरकुरल्या आणि दिली त्यांनी. किलोचा रेट मात्र हलायला तयार नाही. ठेकेदाराला काही म्हटलं की त्याचं ठरलेलं उत्तर, "लोकल हो ना तुमी? घरचं खाता, घरी झोपता. तुमाले खर्च कायचा?" आमची पोट्टी तेव्हा नुकती चालायला लागली होती, तिच्या दुधाला पैसे लागत नव्हते जणू!

त्यातच एक मोठं काम आलं, आणि मालकानं बाहेरून टोळी आणली. उत्तरेकडची माणसं होती ती, बिचारी कामाला चांगली. पण त्यांचा रेट वेगळा. वर राहायला खोली, जेवण, जायचं-यायचं भाडं. एकाच शेडमध्ये, एकाच खांबाच्या दोन बाजूंना दोघं बसायचे, आणि इकडच्या जोडाला एक भाव, तिकडच्या जोडाला दुसरा. हे त्या दिवशी घरी आले आणि जेवलेच नाहीत नीट. "त्याईचा जोड सोन्याचा अन् माहा मातीचा काय वं?" असं म्हणून ताटावरून उठले.

मी म्हटलं, "इथं माह्यावर काहून वरडता? मालकाले विचारा."

दुसऱ्या दिवशी त्यांनी खरंच विचारलं. मालक काही वाईट माणूस नव्हता, त्यानं सरळ सांगितलं. ती माणसं घर सोडून आली आहेत, म्हणाला, त्याचे पैसे द्यावे लागतात. काम तुझं आणि त्यांचं सारखंच आहे, वरचे पैसे घर सोडल्याचे आहेत.

"मंग मीबी सोडतो," हे मला म्हणाले. मला वाटलं, रागात बोलतात. पंधरवड्यात मी पोट्टीला कडेवर घेऊन अकोला स्टेशनवर उभी होते, आणि हे पुण्याच्या गाडीत बसले होते.

चाकणला हे बाहेरचे झाले. तिथं किलो नव्हता, तासावर काम होतं. टेस्ट पास झाले तसा तास महाग झाला, ओव्हरटाइम वेगळा, पीएफ कापायला लागले. तिथल्या गावातली पोरं याच कामाला कमी पैशांत होती, आणि ती यांच्याकडे बघून जळायची. हे ऐकून मला हसावं की रडावं कळेना. मी अकोल्याची खोली सोडली, शिलाई मशीन टेम्पोत टाकलं आणि वलगावला सासूकडे राहायला आले.

खोटं कशाला बोलू, पैसा आला. घरावर स्लॅब पडला, पोट्टी चांगल्या शाळेत गेली. आणि हे पोळ्याला आणि दिवाळीला यायचे. आले की पहिले दोन दिवस पोट्टी माझ्या मागं लपायची, आणि तिची भीड मोडेपर्यंत यांची बॅग भरायची वेळ व्हायची. फोनवर व्हिडिओ लावला तर मागं खाटांवर माणसंच माणसं. तिथं बायकोशी काय बोलणार माणूस? "जेवली का?" "जेवले. तुमी?" "हाव." झालं, संपलं. मला त्यांचा राग यायचा, आणि रागाहून कितीतरी जास्त आठवण यायची. आंघोळ झाली की ओला टॉवेल कॉटवर फेकायची त्यांची सवय होती. अकोल्यात त्यावरून मी रोज भांडायची. वलगावात माझी कॉट कायम कोरडी असायची आणि मला त्या कॉटचाच राग यायला लागला होता.

मग एकदा बातमी आली, की अमरावतीजवळच्या एमआयडीसीत पुलांचे लोखंडी गर्डर बनवायचा मोठा कारखाना निघतो आहे. बयाडच झाले मी आनंदानं, पार वेडी! आमच्या घरून स्कुटीनं अर्धा तास. मी पडद्यांना नवीन कापड आणलं, सासू म्हणाली, "अवं, अजून त्याले नवकरी त लागू दे." यांनी सुट्टी काढली, येऊन टेस्ट दिली, पास झाले. ऑफिसात विचारलं, गाव कोणतं? हे म्हणाले, वलगाव. "अरे वा, मग तर घरचेच!" साहेब म्हणाला, आणि त्यानं जो पगार सांगितला तो चाकणच्या अर्ध्याहून जरासा वर होता.

हे घरी येऊन अंगणात बाजेवर बसले. मी म्हटलं, "चालते ना! घरी राहसान, घरचं खासान. भागवू आपण."

"इतके वर्सं तुमाले सोडून राह्यलो, ते कायच्यासाठी?" ते जमिनीकडे बघत म्हणाले. "या रेटसाठी ना? आता तोच सोडून देऊ, त मंग ते वर्सं कायले गेले माहे?"

याला उत्तर होतं माझ्याकडे. पण सासू तिथंच तूर पाखडत बसली होती. सकाळच्या गाडीनं हे परत गेले, आणि नवे पडदे मी दात-ओठ खात लावले.

काही महिन्यांनी यांचा फोन आला. आवाजच वेगळा, पोरासारखा. यांच्या चाकणच्या ठेकेदाराला त्याच अमरावतीच्या कारखान्यात काम मिळालं होतं, आणि तो आपली टोळी घेऊन येणार होता. टोळीत हेही होते. रेट बाहेरच्याचा! मी आनंदानं काही बोलणार, तर म्हणाले, "पण कोनाले सांगजो नको. मी वलगावचा आहो हे कंपनीले समजलं नाई पायजे. समजलं की लोकल रेट. ठेकेदाराचंबी नाव जाईन."

"अन् आधार कार्ड?"

"ते चाकणचंच आहे ना. गॅससाठी बदललं होतं. अन् माही टेस्ट घेतली तो साहेब गेला बदलून."

"मंग झोपाले कुठी?"

"क्वार्टरवर, टोळीसोबत. रोज सांजीले हजेरी होते. रायन्या-खान्याचे पैसे कंपनी देते, म्हून मोजते."

मी हसायलाच लागले. वलगावचा माणूस अमरावतीत येऊन परदेशी! आणि हसता हसता माझ्या लक्षात आलं, की हे हसण्यासारखं नाही.

झालं तसंच. आमच्या गावचे दोघं-तिघं त्याच कारखान्यात लोकल म्हणून लागले होते, पण ते रंगकामाच्या शेडमध्ये. वेल्डरचं तोंड दिवसभर रुमालात आणि काचेमागं, त्यामुळे कुणी ओळखलं नाही. एक रविवार सोडून एक रविवार हे घरी यायचे, खांद्याला बॅग लावून, चाकणहून रात्रभर प्रवास करून आल्यासारखे, गावाला संशय नको म्हणून. चाकण लांब होतं तेव्हा मनाला समजावता यायचं. आता कसं समजावणार? अस्तर आणायला अमरावतीला गेले की राहटगावच्या चौकात माझी मान आपोआप कारखान्याच्या रस्त्याकडे वळायची. माणूस तिथं आहे, जिवंत आहे, आत्ता या घटकेला जेवत असेल, आणि मी अस्तराचा रंग जुळवत फिरते आहे.

एका रविवारी ते यायचे होते म्हणून मी रोडगे केले. गोवऱ्यांच्या आरावर भाजलेले कणकेचे जाड गोळे, वरून फोडून तूप, सोबत वांग्याची भाजी आणि वरण. वलगावच्या माणसाला यापुढं काही सुचत नाही. रोडगे आरावर असतानाच फोन आला, ओव्हरटाइम लागला, येत नाही. मी आराकडे बघितलं, आणि माझं डोकंच सटकलं. मी चार माणसांचा डबा भरला, स्कुटी काढली आणि सासूला म्हटलं, "मी जाऊन येते." कुठं, ते तिनं विचारलं नाही.

गेटवर वॉचमनला सांगितलं, चाकणच्या टोळीतल्या वेल्डरला भेटायचं आहे. जेवणाची सुट्टी झालीच होती, टोळी गेटबाहेरच्या बाभळीखाली येत होती. त्यांनी मला पाहिलं. एक क्षण असा चेहरा फुलला त्यांचा, की मी सगळा राग विसरले. आणि तेवढ्यात मागून त्यांचा सुपरवायझर आला. कंपनीचा माणूस. त्यानं माझ्याकडे बोट करून विचारलं, "ये कौन है?"

"टिफिनवाली है, साहब," माझा नवरा म्हणाला.

सुपरवायझर हलेना. तेव्हा यांनी खिशातून नोट काढली, माझ्यापुढं धरली आणि म्हणाले, "लो भाभी, आज का."

डबा यांच्या डोक्यात घालावा की तिथंच बसून भोकाड पसरावं! पण मीही बाळापूरची. नोट घेतली आणि म्हटलं, "भैया, छुट्टे नहीं हैं मेरे पास."

"रखो, कल काट लेना," हे म्हणाले. मान खाली.

टोळीतल्या सगळ्यांना हे वलगावचे आहेत हे माहीत होतं. चाकणला त्यांनी माझ्या हातचे दिवाळीचे लाडू वर्षानुवर्षं खाल्ले होते. ते रुमाल तोंडात कोंबून हसत होते. त्यांच्यातला सगळ्यात वयस्क माणूस पुढं आला आणि म्हणाला, "भाभी, कल से हमारा भी लगा दो ना. मेस का खाना गले नहीं उतरता." सुपरवायझर म्हणाला, गेटपर्यंत आणलं तर चालेल. आणि मी टिफिनवाली झाले.

घरी आल्यावर सासूनं विचारलं, "भेटला का?"

"भेटले. मले पैसे देल्ले."

"कायचे?"

"जेवनाचे."

सासू पदर तोंडाला लावून इतकी हसली, की तिला ठसका लागला. मग पाणी पिऊन शांत झाली आणि एकाएकी डोळे पुसायला लागली.

दुसऱ्या दिवसापासून मी पहाटे उठून टोळीचा स्वयंपाक करायला लागले. दुपारपर्यंत शिलाई मशीन झाकलेलं. डबे स्कुटीच्या दोन्ही बाजूंना बांधायचे आणि निघायचं. रंगकामवाल्यांची जेवणाची सुट्टी उशिरा असायची, त्यामुळे गावच्या पोरांना हे दिसायची भीती नव्हती. पैसे बरे सुटायचे, पण मी काय पैशासाठी जात होते का? रांगेत हे मुद्दाम शेवटी उभे राहायचे, म्हणजे जास्त वेळ उभं राहता येईल. टोळीतली माणसं डांबिस. "अरे, भाभी की उधारी चुका पहले! कितने साल की बाकी है तेरी!" यांचे कान लाल. कालचा रिकामा डबा मला द्यायचे, आजचा घ्यायचे, तेवढ्यात बोटाला बोट लागायचं. इतक्या वर्षांच्या संसारानंतर नवऱ्याचं बोट लागलं म्हणून मला घरी येईपर्यंत गाणं सुचायचं, सांगायचीसुद्धा लाज वाटते.

एकदा मनगटावर नवा भाजल्याचा डाग दिसला. सुपरवायझर तिथंच फोनवर बोलत उभा. मी विचारलं, "हाथ को क्या हुआ, भैया?"

"कुछ नहीं भाभी, छींटा उड़ा."

"बर्फ लगाया?"

"लगाया."

बस. त्या दिवशी आमचं एवढंच बोलणं झालं. पण आणखी एक गंमत सांगते. अकोल्यात मी काय काय करून घातलं, या माणसानं कधी बरं म्हटलं नाही. इथं मात्र परका झाल्यावर तोंड फुटलं. "भाभी, बैंगन बढ़िया था." "भाभी, आज की दाल में क्या डाला था?" मेलं, एवढं गोड बोलता येत होतं तर इतकी वर्षं काय झालं होतं! पोट्टी रोज मागं लागायची, मलाही ने म्हणून. तिला नेणं शक्य नव्हतं. ती गेटवर "बाबा" म्हणून ओरडली असती आणि सगळा खेळ खलास झाला असता. तिला मी सांगायची, उन्हाचं नाही यायचं.

असं करता करता गर्डरचं काम संपत आलं. ठेकेदाराला पुढचं काम गुजरातेत लागलं होतं. टोळी जाणार. कंपनीनं आपल्या बाजूनं सांगितलं, की जवळपासच्या गावातला कारागीर असेल त्याला कायम ठेवू, लोकल रेटनं. मी ते ऐकलं आणि संध्याकाळी यांना फोन केला. क्वार्टरच्या मागं जाऊन बोला, म्हटलं, आज मला बोलायचं आहे.

"सांगून द्या त्याईले, वलगावचा आहो म्हून. काम त झालंच आहे आता, ठेकेदाराचं काय नुसकान? पगार कमी भेटन, भेटू द्या. माहे डबे आहेत, शिलाई आहे. रंगवाल्या पोट्ट्याईनंबी डबा मांगतला मले. बरोबर होते सगळं."

"ठेकेदाराले पुढचं काम नाई देनार कंपनी," ते म्हणाले. "अन् ते वर्सं—"

"गेले ते वर्सं! गेले!" मी ओरडले. सासू आतून बाहेर आली, येऊ दे म्हटलं. "माहेबी गेले ना? मी काय झोपून काढले का ते? आता जे उरले, ते त देसान का मले?"

पलीकडून शब्द आले, "जेवली का?"

शेवटच्या दिवशी मी साधाच स्वयंपाक केला. हात चालतच नव्हता. बाभळीखाली टोळीच्या पिशव्या, गाद्यांच्या वळकट्या रचून ठेवल्या होत्या. वयस्क माणूस डबा घेताना पाया पडायला वाकला, मी मागं सरले. "भाभी, गुजरात में ये खाना कहाँ मिलेगा," एक म्हणाला. रोजची मस्करी कोणी केली नाही. हे नेहमीसारखे शेवटी उभे होते, नवा शर्ट घालून. तो शर्ट मीच शिवला होता.

सुपरवायझर तिथं आला आणि यांच्या खांद्यावर हात ठेवून मला म्हणाला, "इसको रोक रहा था मैं, ताई. ऐसा हाथ मिलता नहीं. आसपास का होता तो आज ही रख लेता."

एक शब्द. गावाचं नाव तेवढं सांगायचं होतं. सुपरवायझरचा हात खांद्यावर होता, माणूस हसत होता, रागावणारसुद्धा नव्हता कदाचित. मी यांच्या तोंडाकडे बघितलं. ते डब्याच्या कडीशी चाळा करत होते. मी मनात म्हणत होते, बोला. अहो, बोला ना! आणि ते बोलत नाहीत असं दिसल्यावर मीच विचारलं.

"आपका घर कहाँ पड़ता है, भैया?"

यांनी मान वर केली आणि माझ्याकडे बघितलं, टिफिनवालीकडे बघतात तसं नाही, माझ्याकडे. डोळे भरलेले होते. ओठ हलले. मी देवाशप्पथ सांगते, मला वाटलं, म्हणाले आता.

"दूर है, भाभी," ते म्हणाले. "बहुत दूर है."

"चलो चलो, गाड़ी लग गई," सुपरवायझर म्हणाला, आणि माणसं पिशव्या उचलायला लागली. यांनी रिकामा डबा माझ्या हातात दिला, वळकटी खांद्यावर घेतली आणि गेले. गाडीत खिडकीशी बसले नाहीत, पलीकडच्या बाजूला बसले.

मी डबे बांधले आणि निघाले. राहटगाव ओलांडेपर्यंत मी ठीक होते. पुढं दोन्ही बाजूंना कपाशीची वावरं लागली, रस्ता मोकळा झाला, आणि मला समोरचं दिसेना. स्कुटी कडेला लावली. लग्न झाल्यापासून मी त्यांना कधी अरे-तुरे केलं नव्हतं, भांडतानाही नाही. त्या रस्त्यावर उभी राहून, गाडी ज्या दिशेला गेली तिकडं तोंड करून, गळ्याच्या शिरा ताणून मी ओरडले, "दूर म्हंते! अर्धा घंटा लागते रे घराले! अर्धाच घंटा लागते!"